पाठराखणीची बोळवण

वहिनी लग्न होऊन घरात आली तेव्हा तिचा धाकटा दीर अर्ध्या चड्डीत होता आणि त्याचं नाक बारा महिने वाहत असे. तरीही पहिल्या दिवसापासून तिनं त्याला अहो-जाहोच केलं. "भाऊजी, नाक पुसा." "भाऊजी, चड्डी उलटी घातलीत." तो मात्र तिला सरळ 'ए वहिनी' म्हणायचा, आणि हा उलटा मान घरात कोणालाच खटकला नाही. पुढे गल्लीनं तेच नाव उचललं, मग कॉलेजातल्या मित्रांनी, आणि शेवटी औषधांच्या कंपनीतल्या प्रयोगशाळेनं. डॉक्टरेट मिळवलेला, टक्कल पडलेला हा गृहस्थ सकाळी फाटकातून आत शिरला की पहारेकरीसुद्धा "या भाऊजी" म्हणायचा. आपणही त्याला भाऊजीच म्हणू, फक्त एकेरीत, कारण या गोष्टीत त्याला फार मान द्यावा असं काही त्याच्या हातून झालेलं नाही.

भाऊजीची आई तो लहान असतानाच गेली होती. त्याला वाढवलं ते वहिनीनं, आणि शिकवलं तेही तिनंच. घराच्या पुढच्या खोलीत तिचं इस्त्रीचं टेबल होतं. कपडे कमी-जास्त करून द्यायचे, कॉलर उलटून शिवायच्या, शर्टांना इस्त्री करायची. इस्त्री जुनी आणि जड होती. दुसऱ्या कोणी उचलली तर मनगट भरून यायचं, वहिनी मात्र ती पोळपाटावरच्या लाटण्यासारखी फिरवायची. मोठा भाऊ, म्हणजे दादा, गेल्यावर तर घर त्या टेबलावरच चाललं.

वहिनीची एक खोड सगळ्या गल्लीला माहीत होती. तिच्या दारातून कोणी रिकाम्या हातानं परत जात नसे. मागच्या अंगणात पिंपात लावलेलं लिंबाचं झाड होतं, त्याची लिंबं मीटर बघायला येणाऱ्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांच्या खिशात जायची. लिंबं नसतील तेव्हा रोपाची फांदी, दोऱ्याचं रीळ, काहीच नसलं तर कागदात बांधलेली चार बटणं. एकदा एक गिऱ्हाईक कॉलर करपली म्हणून भांडायला आलं. ते भांडून झाल्यावर दोन लिंबं घेऊन गेलं आणि कोपऱ्यापर्यंत पुटपुटत होतं. वहिनीची मुलगी चिडायची. ती शहराची बस चालवायची, हिशेबी आणि फटकळ होती. ती म्हणायची, "आई, एक दिवस तू दारच काढून देशील कोणाला तरी." त्यावर वहिनी म्हणायची की द्यायला काय लागतं, हात तर आपलाच असतो.

आता भाऊजीच्या औषधाकडे येऊ. त्याच्या आयुष्यातलं ते एकच मोठं काम, आणि त्याबद्दल तो कोणालाही, कधीही, न विचारता सांगायचा.

जंतू मारणारं ते औषध गुणाचं होतं, पण बुजरं. पोटात गेलं की आतड्याच्या दाराशीच अडून बसायचं, रक्तात शिरायचंच नाही. भाऊजीच्या गटानं त्याला एक छोटं आम्ल जोडून दिलं. त्या आम्लाचा हात धरून औषध आतड्याची भिंत ओलांडायचं, आणि आत पोचताक्षणी शरीर दोघांची ताटातूट करायचं. औषध कामाला लागायचं, आम्ल आपल्या वाटेनं बाहेर. भाऊजीनं त्या आम्लाचं नाव ठेवलं 'पाठराखीण'. नवी नवरी सासरी जाताना जिची सोबत द्यायची, ती. नाव इतकं चपखल बसलं की फळ्यावरसुद्धा तेच लिहिलं जाऊ लागलं. पुढे भाऊजीला वाटायचं की त्या नावानंच घात केला. पाठराखीण म्हटलं की ती दोन दिवस राहणार आणि मुकाट्यानं परत जाणार, हे सगळ्यांनी धरूनच चाललं. नवरीची चौकशी सगळे करतात, पाठराखणीला कोण विचारतो?

एका बाईनं विचारलं. औषध कुठे आणि कसं बाधतं हे तपासणाऱ्या विभागात ती होती, म्हणून तिला सगळे विषबाई म्हणायचे. तिनं एका बैठकीत हात वर करून विचारलं की ही पाठराखीण परत जाते तेव्हा घरातलं काय घेऊन जाते.

"चहा पिऊन जाते, आणखी काय!" भाऊजी म्हणाला, आणि सगळी बैठक हसली.

विषबाई हसली नाही. तिनं मोजमाप केलं, आणि भाऊजीचा विनोद बराचसा खरा निघाला. ते आम्ल शरीरातून एकटं जात नाही. शरीर त्याच्या सोबत कार्निटीन नावाचा आपलाच एक पदार्थ बांधून देतं आणि मग लघवीवाटे त्याची बोळवण करतं. आता हे कार्निटीन म्हणजे स्नायूंमधला हमाल. चरबी उचलून पेशीतल्या भट्टीपर्यंत न्यायची, तिथं तिची ताकद व्हायची, हे त्याचं काम. आठवडाभराच्या औषधात धडधाकट तरुणांच्या शरीरातून असे थोडे हमाल गेले आणि जेवणातून नवे आले. एक कप चहाइतकाच खर्च. पण विषबाईनं हट्ट धरून माहितीच्या कागदावर एक ओळ घालायला लावली, की हे औषध दहा दिवसांहून जास्त घेऊ नये. भाऊजीनं त्या ओळीला जराही विरोध केला नाही. तो काही मूर्ख नव्हता. ती ओळ त्याला तोंडपाठ होती.

औषध बाजारात आलं त्या सुमारास वहिनीला लघवीच्या जंतुसंसर्गानं गाठलं. ताप, थंडी, कंबरदुखी. डॉक्टरांनी नेमकं तेच औषध लिहून दिलं आणि ती आठवड्यात उठून इस्त्रीपाशी उभी राहिली. भाऊजीला आकाश ठेंगणं झालं. ज्या बाईनं आपलं नाक पुसलं तिला आपल्या औषधानं बरं केलं, याहून मोठं बक्षीस कुठलं असणार? काही महिन्यांनी दुखणं उलटलं, पुन्हा तेच औषध, पुन्हा गुण. तेव्हा भाऊजी म्हणाला की असं दर वेळी धावाधाव नको, मी आणत जाईन.

तो दर रविवारी तिच्याकडे यायचा. रिकाम्या हातानं कोणाच्या दारात जाऊ नये हे तिनंच त्याला शिकवलं होतं, पण बाजारात काय घ्यावं हे त्याला कधीच सुचायचं नाही. कंपनीत तारीख जवळ आलेली पाकिटं कर्मचाऱ्यांना मिळायची. त्यातली दोन तो खिशात टाकायचा, दारात उभा राहून तिच्यापुढे धरायचा आणि म्हणायचा, "घेतेस ना?"

"घेते हो," वहिनी म्हणायची आणि पाकिटं ड्रॉवरमध्ये जायची. मग चहा, मग गप्पा, मग जाताना भाऊजीच्या खिशात दोन लिंबं.

एकदा मात्र त्याला शंका आली. हिचा हात सैल, ही आपलं औषध गल्लीभर वाटत तर नसेल? त्यानं तिला बजावलं की वहिनी, ही लिंबं नव्हेत, हे लोकांना द्यायचं नाही, हे फक्त तुझ्यासाठी. तिनं मान डोलावली. शब्द दिला की तो पाळायचा, हा तिचा दुसरा दोष.

अशी दोनेक वर्षं गेली.

वहिनी वाळत चालली होती. आधी ती इस्त्री करताना मध्येच थांबू लागली, मग स्टूल घेऊन बसून इस्त्री करू लागली. "इस्त्री जाड झाली हो भाऊजी," ती हसत म्हणायची. "माझं खाऊन तीच बाळसं धरतेय." जिना चढताना ती मधल्या पायरीवर भिंतीला हात लावून उभी राहायची आणि कोणी पाहिलं तर भिंतीचा रंग बघत असल्याचं दाखवायची. सकाळी काही खाण्याआधी तिला दरदरून घाम फुटायचा. मुलगी म्हणायची डॉक्टरकडे चल, वहिनी म्हणायची की ताप नाही, दुखत काही नाही, डॉक्टरला सांगायचं काय?

आणि भाऊजी काय म्हणाला? भाऊजी म्हणाला की बसून बसून अंग आळसावलंय, जरा फिरत जा. हे तो चहा पिता पिता म्हणाला, तिनंच उठून केलेला चहा. थोडी चेष्टाही केली, की आमची वहिनी आता महाराणी झाली, बसल्या बसल्या राज्य करते. ती हसली. दुसऱ्या दिवसापासून ती संध्याकाळी कोपऱ्यापर्यंत चालून यायला लागली, कारण भाऊजींनी सांगितलं होतं.

आणखी एक गोष्ट त्यानं डोळ्यांनी पाहिली होती, आणि तीच त्याला पुढे सगळ्यात जास्त खात राहिली. इस्त्री झालेल्या शर्टाची कॉलर बसू नये म्हणून वहिनी तिच्या आत कागदाची घडी घालायची. एका रविवारी त्याच्या लक्षात आलं की तो पातळ, बारीक अक्षरांचा कागद म्हणजे आपल्याच औषधाच्या पाकिटातला माहितीचा कागद आहे. टेबलावर ओळीनं शर्ट रचलेले आणि प्रत्येकाच्या गळ्यात त्याच्या औषधाचं नाव. त्याला गंमत वाटली. प्रयोगशाळेत जाऊन त्यानं हा किस्सा सांगितला, की अख्खी गल्ली माझी जाहिरात गळ्यात घालून फिरते. इतके कागद बाहेर आलेत म्हणजे इतकी पाकिटं फुटली आहेत, हा साधा हिशेब त्याच्या डॉक्टरेटच्या डोक्यात आला नाही. विषबाईची ती ओळ निम्म्या गल्लीच्या मानेशी घडी होऊन पडली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

एका दुपारी वहिनी टेबलापाशी कोसळली. इस्त्री शर्टावर तशीच राहिली. करपल्याचा वास आला म्हणून शेजारचे धावले. मुलगी बस आगारात लावून थेट इस्पितळात पोचली आणि भाऊजी प्रयोगशाळेतला पांढरा कोट न काढताच आला.

वॉर्ड लांबलचक होता, खाटांमध्ये हिरवे पडदे. वहिनी उशीला टेकून बसली होती. तिला दम लागत होता आणि आपल्यामुळे सगळ्यांची कामं खोळंबली याचं तिला वाईट वाटत होतं. हृदयाची डॉक्टर, हसऱ्या चेहऱ्याची तरुण बाई, हातात कागद घेऊन उभी होती. तिनं सांगितलं की हृदय सैल पडलंय, फुगलंय, साखर फार खाली गेली होती, दंडाच्या स्नायूंतही जोर नाही. कारण काही कळत नव्हतं. तिनं वहिनीला विचारलं की रोज कुठली औषधं घेता.

"औषध नाही हो कुठलंच," वहिनी म्हणाली. "भाऊजी आणतात ते तेवढं."

"ते कधीमधी," भाऊजी डॉक्टरीणबाईंना समजावून सांगू लागला. "लघवीचा त्रास उलटलाच तर असावं म्हणून मी घरात ठेवायला देतो."

"कधीमधी कसं?" वहिनीचा आवाज किंचित दुखावलेला होता. "रोज दोन वेळा. दर रविवारी दारातच विचारता ना तुम्ही, घेतेस ना म्हणून. एक दिवस चुकवला नाही मी."

भाऊजी खाटेचा दांडा धरून उभा राहिला. त्याला ते दार दिसलं, हातातली पाकिटं दिसली, आणि आपलाच आवाज ऐकू आला. घेतेस ना? तो विचारत होता, ठेवून घेतेस ना. ती ऐकत होती, पोटात घेतेस ना. दोन वर्षं, रविवारमागून रविवार, एकच शब्द एकाच्या तोंडातून निघून दुसऱ्याच्या कानात वेगळाच होऊन शिरत होता. त्याला वाटलं की आत्ता, इथं, जमीन फाटावी.

एवढं मात्र त्याच्या बाजूनं सांगायला हवं की तो लपला नाही. त्यानं डॉक्टरीणबाईंना पडद्याबाहेर नेलं आणि रक्तातलं कार्निटीन मोजायला सांगितलं. त्या म्हणाल्या की जंतुनाशकानं हृदय असं कसं सैल होईल? तो म्हणाला की जंतुनाशकानं नाही, त्याला धरून चोर सोडाल आणि संन्याशाला सुळी द्याल. मग त्यानं सगळं सांगितलं. प्रत्येक गोळीबरोबर एक पाठराखीण घरात यायची. वहिनीचं शरीर तिला रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही. दर वेळी थोडं कार्निटीन पदरात घालून बोळवण करायचं. तरुण, भरल्या अंगाच्या माणसाला दहा दिवस हे परवडतं. पण ही मुळात मूठभर बाई, अंगावर मांस नाही म्हणजे कोठार लहान. मांस-मच्छी खात नाही, दूध नावाला, म्हणजे भरही कमी. आणि दहा दिवस नव्हे, दोन वर्षं. पाहुणे थांबले नाहीत आणि घरानं द्यायचं थांबवलं नाही.

हे बोलताना आपण शरीराबद्दल बोलतोय की वहिनीबद्दल, हे त्याचं त्यालाच कळेना.

तपासणीत कार्निटीन जवळजवळ सापडलंच नाही. गोळ्या त्याच क्षणी बंद झाल्या आणि सलाईनमधून कार्निटीन सुरू झालं. काही आठवड्यांत वहिनीच्या हाताला कप धरण्याइतका जोर आला, घाम थांबला. पण हृदय पुरतं मागे फिरलं नाही. वय होतं, आणि फार दिवस ते उपाशी राबलं होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की घरी न्या, जपा, आणि फार लांबचे बेत करू नका.

भाऊजीनं विषबाईला सगळं सांगितलं. 'मी तेव्हाच म्हटलं होतं' असं ती म्हणेल आणि थोडं हलकं वाटेल, अशी त्याला आशा होती. ती तसं म्हणाली नाही. तिनं वहिनीचं वजन विचारलं आणि ते वहीत लिहून घेतलं.

पुतणी मात्र बोलली. इस्पितळाच्या पायऱ्यांवर भाऊजी तिला समजावत होता की औषध वाईट नाही, आईची चूक नाही, त्याचा हेतू चांगला होता.

"काका," ती म्हणाली, "दोन वर्षांत एकदा तरी विचारायचं, वहिनी, त्या गोळ्यांचं तू करतेस काय? तुम्ही सगळ्या जगाला ते औषध समजावून सांगितलंत. आईला नाही."

वहिनीला सांगायचं राहिलं होतं ते यामुळेच, की तिला सगळं आपोआप कळतं असं तो लहानपणापासून धरून चालला होता.

वहिनी घरी आल्यावरच्या पहिल्या रविवारी भाऊजी आला तो मोकळ्या हातानं. काय आणावं हे आजही सुचलं नव्हतं. इस्त्रीचं टेबल दुमडून भिंतीला लावलेलं होतं, आणि त्याच्या जागी खिडकीशी आरामखुर्ची ठेवलेली. इस्त्री कोपऱ्यात जमिनीवर होती. पुतणी कामावर गेली होती. चहा त्यानं स्वतः केला, बेचव झाला, वहिनी तो सगळा प्यायली.

मग त्यानं सांगितलं. काही न वगळता, पाठराखणीपासून कॉलरच्या कागदापर्यंत. वहिनी डोळे मिटून ऐकत होती. शेवटाला आल्यावर ती थोडी हसली, पण हसण्यानंही तिला दम लागला.

"म्हणजे तुम्ही म्हणत होतात, ठेवून घेतेस का?"

"हो."

"अगंबाई," ती म्हणाली. "फार कडू होतं हो ते. घेतलं की दिवसभर पोटात ढवळायचं."

"मग सोडलं का नाहीस? निदान मला सांगायचंस."

"तुम्ही इतक्या हौसेनं आणायचा. तुमच्या हातचं होतं ना." तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि तो लहानपणी पडून आला की जशी पाहायची तशीच पाहिली. "रडू नका, भाऊजी. नाक पुसा."

तो अंधार पडायच्या आधी निघाला. तो उठला तशी तीही खुर्चीचे हात धरून उठली. नको नको म्हणत तो पुढे झाला, पण ती थांबली नाही. भिंतीला धरत ती मागच्या दारापर्यंत गेली, पिंपातल्या झाडाकडे पाहिलं. इतके दिवस पाणी न मिळाल्यानं झाड वाळलं होतं, एकही लिंबू नव्हतं. मग ती टेबलाच्या ड्रॉवरपाशी आली. बटणांची डबी मुलीनं आवरून कुठेतरी ठेवली होती. ड्रॉवरमध्ये ती कोसळली त्याच्या आदल्या रविवारची, न फोडलेली दोन पाकिटं तेवढी होती. तिनं ती काढली, पदरानं पुसावीत तशी हातानं पुसली आणि त्याच्यापुढे धरली.

"आणखी काही नाही बघा घरात," ती म्हणाली. "रिकाम्या हातानं नका जाऊ. कोणाला तरी लागतील."

भाऊजीचे हात पुढे होईनात.

"घेताय ना?" वहिनीनं विचारलं.

"घेतो, वहिनी," तो म्हणाला.

त्यानं ती दोन्ही पाकिटं खिशात घातली आणि पायऱ्या उतरला. पुढचा रविवार उजाडण्याआधी ती गेली, आणि तिच्या हातून त्याला मिळालेलं ते शेवटचं.